बापू चौगुल्यांचे नमुने

बापू चौगुल्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या पेढ्यावर आयोडीनचा थेंब टाकला होता.

आयर्लंडमधल्या लेटरकेनीत येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती. नवरा हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार डॉक्टर, मी त्याच्या व्हिसावर आलेली डिपेंडंट. रिकामं बसवेना म्हणून मी घरी पेढे, चकल्या, चिवडा करून देण्याचा छोटासा व्यवसाय सुरू केला होता. आमच्यापासून दोन घरं सोडून डॉक्टर अभिजित चौगुले राहायचा. त्याचे वडील कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आले, म्हणून मी पेढ्यांचा डबा घेऊन गेले. सत्तरीचे, ताठ, कडक इस्त्रीतले गृहस्थ. त्यांनी एक पेढा उचलला, हुंगला, बशीत ठेवून चमच्याने मधोमध कापला. मग खिशातून ड्रॉपर लावलेली एक छोटी बाटली काढली. थेंब पडलेला अर्धा पेढा बघता बघता निळा-काळा झाला.

"कॉर्नफ्लॉवर," बापू म्हणाले. आवाजात राग नव्हता. बातमी दिल्यासारखं म्हणाले.

अभिजितची बायको केतकी लाजून लाल झाली. मी म्हणाले, "इथं खवा मिळत नाही हो. मिल्क पावडरचे पेढे वळले जात नाहीत, म्हणून दोन चमचे घालते."

"घाला की. डब्यावर लिहा म्हणजे झालं," असं म्हणून त्यांनी तो निळा अर्धा बाजूला सारला आणि उरलेला अर्धा आवडीने खाल्ला.

बापूंनी सरकारच्या अन्न-औषध खात्यात इन्स्पेक्टर म्हणून नोकरी केली होती. दूध, तूप, हळद, मिरचीपूड, खोकल्याची औषधं, सगळ्यांचे नमुने घ्यायचे, सील करायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी संशय काही निवृत्त झाला नव्हता. इथल्या दुधाची चव रोज तंतोतंत सारखीच कशी लागते, हे त्यांना खटकायचं. "गाय काय रोज एकच गवत खाते व्हय?" शनिवारच्या बाजारात मध विकणाऱ्या एका आयरिश बाईला त्यांनी मधमाश्यांची पोळी कुठे आहेत, किती आहेत, असे इतके प्रश्न विचारले, की शेवटी ती म्हणाली, "तुम्ही एकदा येऊन माश्यांनाच विचारा." बापूंना ते उत्तर फार पसंत पडलं. पण मध काही त्यांनी घेतला नाही.

कुणी कशाचीही स्तुती केली, की ते डोळे बारीक करून विचारायचे, "नमुना घेतलाय का?" नातीने शाळेतून येऊन "माय टीचर इज ग्रँड" म्हटलं, तरी तेच. ती हसत सुटायची.

त्यांच्या त्वचेबद्दल मला तीन आठवडे काही माहीत नव्हतं. एक दिवस मी केतकीकडे पीठ मागायला गेले, तर बापू मागच्या अंगणात बनियनवर बसून कोपरांना खोबरेल चोळत होते. दोन्ही कोपरं, पोटऱ्या, पाठीचा खालचा भाग लालभडक, आणि त्यावर अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे. मी वळणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा, थांबा. लागत नाही कुणाला. सोरायसिस आहे, बावीस वर्षांचा."

अभिजितचा यावरून त्यांच्याशी कायमचा वाद होता. तो म्हणायचा, चांगल्या गोळ्या आहेत, तज्ज्ञाला दाखवू. बापू म्हणायचे, लिव्हर खराब करणाऱ्या गोळ्या मी घेणार नाही. कोल्हापुरात त्यांनी मलमं, काढे, पथ्यं सगळं करून बघितलं होतं, आणि प्रत्येक औषधवाल्यावर संशय घेऊन मध्येच सोडून दिलं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. दारातूनच म्हणाले, "ताई, तुमची गाडी रिकामी आहे का? मेन स्ट्रीटला एक चिनी जडीबुटीचं दुकान आहे. काचेवर लिहिलंय, एक्झिमा, सोरायसिस, जुनाट त्वचाविकार. आतून बघायचंय."

"औषध घ्यायला?"

"छे! पकडायला."

मला हसू आलं, पण लगेच त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. "अभिजितला सांगायचं नाही." तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं. बापूंना नेमकं काय पाहिजे, याची मला तेव्हाच शंका आली होती. निव्वळ पकडायला जाणारा माणूस मुलापासून कशाला लपवेल? पण लेटरकेनीत गाडीशिवाय म्हातारा माणूस घरात कोंडून पडतो. आणि खरं सांगायचं तर ते दुकान मलाही बघायचं होतं.

दुकान अरुंद होतं. भिंतभर लाकडी खण होते आणि ओल्या मुळांचा, गोडसर, मातकट वास येत होता. काउंटरमागे साठीच्या मिसेस वू बसल्या होत्या. बारीक केस, अंगावर रेनकोट. इंग्रजी बोलताना इथल्यासारखं प्रत्येक गोष्टीला 'वी', म्हणजे छोटंसं, लावायच्या, वी कप, वी टेस्ट, वी मिनिट. आम्ही बसायच्या आत त्यांनी, येणाऱ्या प्रत्येकाला विचारत असाव्यात तसं, विचारलं, "घरात असलेली सगळी मलमं आणलीत?"

बापू चमकले. प्रश्न विचारायला आले होते ते. "तुमचा माल कुठून येतो?" त्यांनी आपल्या सरकारी इंग्रजीत विचारलं.

मिसेस वूंनी फाइल काढली. प्रत्येक वनस्पतीचं लॅटिन नाव, गठ्ठ्याचा क्रमांक, आल्याची तारीख. बापूंनी चष्मा कपाळावर चढवून पान न् पान वाचलं. त्यांनी तीन खण उघडायला लावले. एकातलं ज्येष्ठमध त्यांनी वासावरून ओळखलं. दुसऱ्यात तपकिरी, पारदर्शक, पायांसकट काहीतरी होतं.

"हा किडा आहे!"

"किडा नाही. किड्याने टाकलेली कात. खाज कमी करायला."

"यादीत आहे?"

"सातव्या नंबरला."

होती. बापूंनी मान हलवली, पण मला मराठीत म्हणाले, "यादी चोख आहे. फार चोख आहे. हेच मला आवडत नाही."

मग त्यांनी आपला हुकमी पत्ता टाकला. म्हणाले, "मला काढा नको. फक्त मलम द्या." कसल्या मलमात काय मिसळलेलं असतं हे त्यांना पाठ होतं, आणि तेच त्यांना इथून नमुना म्हणून न्यायचं होतं.

"मी मलम विकत नाही," मिसेस वू म्हणाल्या. "लोक मलमात काय काय घालतात. मी ज्याच्याकडून घेईन त्याच्यावर माझा विश्वास नाही." मग त्यांनी वही पुढे ओढली. "पेशंट माझ्याशी दोन गोष्टींत खोटं बोलतात. पोटात काय घेतात आणि अंगाला काय चोळतात. तुम्ही दुसरं काय घेता?"

"काही नाही," बापू म्हणाले.

"खात्री?"

"मी इन्स्पेक्टर होतो, मॅडम."

मिसेस वूंनी तेही वहीत लिहून घेतलं. पण औषध दिलं नाही. आधी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन रक्त तपासून या, लिव्हर आणि किडनी, म्हणाल्या, आणि चार आठवड्यांनी पुन्हा. त्याशिवाय एक पुडीसुद्धा मिळणार नाही.

परत येताना सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मी गाडी लावली तरी बापू उतरेनात. मग समोरच्या ट्रॉल्यांच्या रांगेकडे बघत बोलायला लागले.

"अभिजितची आई, मालू. तिच्या हातांना इसब होता. बोटं फाटायची, कणीक मळता यायची नाही. एका खेड्यात एक औषधवाला होता, त्याच्या पुड्या आणल्या. पंधरा दिवसांत हात असे, लहान मुलासारखे. तिने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. मी जिल्ह्यातल्या सगळ्या दुकानांचे नमुने घेत फिरत होतो, ताई. घरातल्या पुडीचा घेतला नाही."

"का?"

"हात बरे झाले होते ना." त्यांनी चष्मा पुसला. "दीड वर्ष घेतल्या तिने. तोंड सुजल्यासारखं गोल झालं, मी म्हणायचो, तब्येत सुधारली. मग तो औषधवाला गाव सोडून गेला. पुड्या एकदम बंद झाल्या आणि आठवड्यात ती कोसळली. हॉस्पिटलमध्ये चार दिवस होती. नंतर मी उरलेली पुडी तपासायला पाठवली. स्टिरॉइड. एकदम थांबवलं की शरीर कोसळतं. रिपोर्ट माझ्याच टेबलावर आला."

"अभिजितला माहीत आहे?" मी विचारलं.

"त्याला एवढंच माहीत आहे, की आई आजाराने गेली."

रक्त तपासून झालं, सगळं ठीक निघालं आणि पकडायला निघालेल्या बापूंचा काढा सुरू झाला. तो शिजायचा मात्र माझ्या स्वयंपाकघरात. केतकीला वास आला असता. रोज सकाळी अभिजित-केतकी कामावर आणि नात शाळेत गेली की बापू पुडी घेऊन यायचे. आधी ती वर्तमानपत्रावर ओतून एकेक तुकडा यादीशी ताडून बघायचे, मगच पातेल्यात टाकायचे. तासभर उकळून उरलेलं काळं पाणी नाक दाबून प्यायचे आणि वर म्हणायचे, "कारल्याचा बाप आहे." माझे कप, कपाट, पडदे, सगळ्याला तो वास लागला. नवरा विचारायला लागला, घरात काय सडतंय? मी म्हणाले, ड्रेनेज तुंबलंय बहुतेक. बापूंच्या संगतीत मीही खोटं बोलायला लागले होते.

दर रविवारी ते कोपराशेजारी मोजपट्टी धरून माझ्याकडून फोटो काढून घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात पापुद्रे गळायला लागले. चौथ्यात लाली उतरून गुलाबी झाली. मी म्हणाले, "बापू, बघा तरी!"

"बघतोय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "एवढ्या लवकर कसं काय?"

त्याच आठवड्यात पुडीत एक पिवळसर काडीचा तुकडा निघाला, जो यादीतल्या कशाशीच जुळेना. बापूंना अक्षरशः तरतरी आली. दहाच्या आत आम्ही दुकानात. त्यांनी रुमाल काउंटरवर उघडला आणि यादी शेजारी ठेवली. मिसेस वूंनी भिंग घेऊन तुकडा पाहिला, मोडून पाहिला. त्यांच्या गळ्याशी लाली चढली. त्यांनी दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली, एक खण पूर्ण बाहेर काढून टेबलावर उपडा केला आणि आमच्याकडे पाठ करून निवडायला बसल्या. तसले आणखी दोन तुकडे निघाले. सगळा गठ्ठा त्यांनी परत पाठवायला बांधला.

"काय होतं ते?" मी विचारलं.

"माहीत नाही. म्हणून परत पाठवते." मग बापूंकडे बघून जरा चिडूनच म्हणाल्या, "मंगळवारी नवा माल येतो. येऊन बसा."

आणि बापू मंगळवारी जाऊन बसले. दोघं समोरासमोर, मध्ये मुळांचा ढीग. बोलणं जवळजवळ नाही. दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, आणि मला वाटतं त्यामुळेच त्यांचं जमत होतं.

चार आठवड्यांनंतरची रक्ततपासणी वाईट आली. लिव्हरचे आकडे तिप्पट झाले होते. आम्ही कागद घेऊन दुकानात गेलो. मिसेस वूंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "आज थांबवायचं. उरलेल्या पुड्या परत आणा."

"पण चामडी सुधारतेय," बापू म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे वाक्य त्यांच्या तोंडून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"म्हणूनच लगेच थांबवायचं. नाहीतर तुम्ही थांबणार नाही. आणि आज मुलाला सांगा. तुम्ही नाही सांगितलं, तर मी फोन करेन."

अभिजित संध्याकाळी माझ्या दारात आला. कधी आवाज न चढवणारा मुलगा. "वहिनी, तुम्ही? तुमच्या घरात शिजत होतं हे?" मी काहीही म्हणाले असते तरी ते खोटंच वाटलं असतं, म्हणून नुसतं हो म्हणाले. नवऱ्यानेही ऐकलं. ड्रेनेजचा उलगडा त्याला उभ्या उभ्या झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात गेलो. अभिजितने इथल्या औषध खात्याकडे करायच्या तक्रारीचा मसुदा फोनवर लिहूनच आणला होता. "माझ्या वडिलांच्या लिव्हरशी खेळ झालाय," तो म्हणाला. "हे दुकान चालू राहता कामा नये."

मिसेस वूंनी बापूंची फाइल त्याच्यासमोर ठेवली. "सगळं यात आहे. प्रत्येक पुडीत काय होतं ते. तक्रारीला जोडा. मी पण त्यांना एक पत्र लिहिते, माझ्या पेशंटला असं झालं म्हणून." त्यांनी एकदाही म्हटलं नाही, की माझ्या औषधाने झालं नाही.

बापू खुर्चीत बसले होते. अभिजित फाइलचे फोटो काढायला लागला. पहिल्याच पानावर होतं, 'इतर औषधं: काही नाही. (म्हणतो, इन्स्पेक्टर होतो.)' तो ते मोठ्याने वाचत होता.

"थांब," बापू म्हणाले.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक चुरगळलेली गोळ्यांची पट्टी काढली आणि काउंटरवर ठेवली. दहापैकी सात घरं रिकामी.

"गुडघे दुखतात. सकाळी बोटंही वळत नाहीत. कोल्हापुरातून दुखण्याच्या गोळ्या आणल्यात. रोज दोन. कधी तीन."

"कधीपासून?" अभिजितने विचारलं.

"आठ महिने. इथं आल्यापासून जास्त. थंडी आहे ना."

"बापू, मी डॉक्टर आहे! या गोळ्यांनीही लिव्हर बिघडतं, मला का नाही सांगितलं?"

"तू फिरायला सोडलं नसतंस. म्हणाला असतास, घरात बसा." मग ते मिसेस वूंकडे वळले आणि इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मॅडम, भेसळ मी केली."

मिसेस वूंनी पट्टी उचलून नाव वाचलं. त्यांना राग यायला हवा होता, पण त्यांनी बापूंचा हात ओढून घेतला आणि बोटांची पेरं एकेक करून दाबायला लागल्या. "इथं दुखतं? इथं? सकाळी किती वेळ?" तिसऱ्या पेराला बापू विव्हळले. मिसेस वूंनी मान वर करून अभिजितकडे पाहिलं, आणि अभिजितनेही त्याच वेळी ते ओळखलं होतं.

"बापू, सोरायसिस सांध्यांत उतरलाय बहुतेक," तो म्हणाला. "हे वयाचं दुखणं नाही. यावर उशीर केला तर बोटं वाकडी होतात." मग त्याने फोन खिशात टाकला आणि तिथेच एका खोक्यावर बसला. "आईच्या वेळीपण तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं ना?"

बापू माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली, मी सांगितलेलं नाही म्हणून. पण मुलाचा अंदाज स्वतःचाच होता, कित्येक वर्षांचा. मिसेस वू आतल्या खोलीत निघून गेल्या आणि मी बाहेर गाडीत येऊन बसले. अर्ध्या तासाने बापलेक बाहेर आले तेव्हा दोघांचेही डोळे सुजलेले होते. बापू आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसले, अभिजितच्या शेजारी.

तक्रार गेली नाही. मिसेस वूंचं पत्र मात्र गेलं, त्यांनी ते लिहिलंच. गोळ्या आणि काढा दोन्ही बंद केल्यावर तीन आठवड्यांनी लिव्हरचे आकडे जागेवर आले. पण कशामुळे चढले होते, हे कुणालाच कळलं नाही. बापूंना याचंच सगळ्यात जास्त दुःख होतं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून ते मला म्हणाले, "नमुना बिघडवला मी. आता काढ्याने गुण आला की नाही हेही सांगता येत नाही, आणि काढ्याने अपाय झाला की नाही हेही नाही. बाईंच्या नावाला मात्र डाग राहिला, आणि तो मला पुसता येत नाही."

"काढा पुन्हा सुरू करायचा का, म्हणून विचारलं त्यांना?"

"विचारलं. म्हणाल्या, तुमच्यावर माझा विश्वास नाही." हे सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

माझं मत विचाराल तर मला आजही त्या काळ्या पाण्याबद्दल शंकाच आहे. बाईबद्दल नाही.

व्हिसा संपायच्या आदल्या दिवशी बापूंनी मला पुन्हा मेन स्ट्रीटला न्यायला सांगितलं. कोल्हापुरात सांध्यांच्या डॉक्टरची वेळ अभिजितने घेऊन ठेवली होती. अभिजित म्हणायचा त्या सोरायसिसच्या गोळ्या घ्यायला बापू तयार झाले होते, दर महिन्याला रक्त तपासायच्या अटीवर. मी गाडी समोरच्या फुटपाथला लावून आतच थांबले.

बापू दुकानात गेले, आणि दोन मिनिटांत मिसेस वू त्यांना दंडाला धरून बाहेर रस्त्यावर घेऊन आल्या. आत उजेड पुरत नसावा. ढग जरा फाटले होते. भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मध्ये, त्यांनी बापूंचं कोपर आभाळाकडे वळवलं आणि दोघं डोकी जवळ नेऊन ते बघायला लागले. काचेतून मला बापूंचे ओठ हलताना दिसले. मी खिडकी खाली केली.

"परत येतंय का?" ते विचारत होते.

मिसेस वूंनी अंगठ्याने कातडी हलकेच ताणून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"आय डोंट नो," त्या म्हणाल्या.

बापूंनी समाधानाने मान डोलावली आणि कोपर तसंच त्यांच्या हातात राहू दिलं.